चौकासमोरच्या चपला

दार उघडलं की समोर चपलांची रांग दिसायची. आमच्या नव्हेत, समोरच्या घरी आलेल्या पाहुण्यांच्या. उंच टाचांच्या सँडल, ऑफिसचे काळे बूट, कोणाचे तरी फुलाफुलांचे स्लिपर, सगळे जोडीजोडीने, बोटं भिंतीकडे आणि टाचा आमच्याकडे करून, आमच्या दाराशेजारच्या कोनाड्यात मांडलेले. आणि शेवटचा जोड सरळ करत वाकलेले ते. पांढरा लेंगा, अर्ध्या बाहीचा शर्ट, खांद्यावर टॉवेल. मला पाहून जराही न गडबडता म्हणायचे, "थोडा वेळ तुमच्याकडे राहू द्यात."

आमच्या इमारतीत आजही त्यांची आठवण निघते ती याच गोष्टीवरून. खालचा वॉचमन त्यांना 'चप्पली अज्जा' म्हणायचा, म्हणजे चपलांचे आजोबा. शेवटी त्यांचं डोकं चालेनासं झालं होतं, पाहुण्यांच्या चपला लपवायचे, असं नव्याने राहायला आलेल्यांनाही सांगितलं जातं. ऐकणारे हसतात. तुमच्याही इमारतीत असा एखादा म्हातारा असेल, ज्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगतात आणि तेवढ्यावर तो माणूस संपतो. यांच्याबद्दलची ही गोष्ट चुकीची आहे. खरी काय ते मला जवळजवळ पहिल्यापासून ठाऊक होतं. मी आता ऐंशीच्या घरात आलो. ती माझ्याबरोबर जाऊ नये म्हणून लिहितो आहे.

आम्ही बेंगळुरूचे जुने मराठी. पूर्वज कधीतरी फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. जयनगरच्या घराचे जिने गुडघ्यांना झेपेनात, तेव्हा मुलाने आम्हा दोघांना सर्जापूर रोडवरच्या या लिफ्टवाल्या घरात आणून ठेवलं. घरात आम्ही मराठी बोलतो, पण कन्नड त्यात इतकं मुरलंय की पुण्यामुंबईच्या माणसाला दोनदा विचारावं लागतं. ते मात्र पहिल्या भेटीत म्हणाले, "तुमचं बोलणं ऐकलं की वाटतं, ओळखीचाच माणूस वेगळा सदरा घालून आलाय."

ते जव्हारकडचे. वारली. आयुष्यभर आश्रमशाळेत मास्तरकी केलेली, म्हणून मी त्यांना गुरुजी म्हणू लागलो. समोरच्या घरात त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा महादेवपुऱ्यात एका कंपनीत, सकाळी जायचा तो रस्त्यावरच्या गर्दीतून कधी परतेल ते सांगता यायचं नाही. सून पुण्याची, घरूनच काम करणारी, बोलायला गोड आणि कामाला वाघ. गुरुजींची बायको गेली, गावचं घर एकट्याला मोठं झालं, तेव्हा मुलाने त्यांना इकडे आणायचं ठरवलं.

आणि सुनेने घर करायला घेतलं.

ते दिवस मी विसरणार नाही. बाबांना इथे परकं वाटू नये, एवढंच तिच्या डोक्यात. सर्जापूरच्या पुढे एका गोठ्यातून तिने शेण आणलं, कुठल्याशा बांधकामावरून लाल माती आणली, तिच्यात भाताचा पेंढा कालवला. ते शेण लिफ्टमधून वर आलं तेव्हा इमारतीच्या ग्रुपवर जे काही लिहिलं गेलं ते इथे देण्यासारखं नाही. माझ्या बायकोने आमचं जुनं घमेलं तिला दिलं, ते अजून परत आलेलं नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून ही मुलगी भिंतीला हाताने माती थापत असायची. मग बांबू बाजारातून बांबू आले, वेताच्या खुर्च्या आल्या, तागाची जाजमं आली. वाळलेल्या भोपळ्याला भोकं पाडून त्याचा दिवा केला. मासे धरायची बांबूची टोपली उलटी टांगून तिचाही दिवा केला.

सगळ्यात शेवटी दारातून शिरताच समोर येणारी भिंत. वारली चित्रं शिकवणाऱ्या एका वर्गाला ती काही शनिवार जात होती. त्या भिंतीवर तिने पांढऱ्या रंगाने एक मोठा चौकोन काढला. भोवती नक्षीच्या बारीक बारीक पट्ट्या, बाहेर झाडं, नाचणारी माणसं, चंद्र, सूर्य. चौकोनाच्या मध्ये एक हात पसरलेली आकृती. कुठल्याशा पुस्तकातलं तिला फार आवडलं होतं, ते तिने रेघ न रेघ उतरवलं. खरोखर सुंदर झालं होतं. आणि त्याच्या बरोबर खाली, दाराजवळ दुसरी जागाच नसल्यामुळे, मुद्दाम करवून घेतलेलं बांबूचं चपलांचं रॅक.

गुरुजी आले त्या दिवशी तिने आम्हालाही बोलावलं होतं. भिंतीवर चादर टाकून ठेवली होती. त्यांना दारात उभं करून तिने ती ओढली आणि म्हणाली, "बाबा, ओळखा बरं काय आहे."

ते बघतच राहिले. खांद्यावरचा टॉवेल आपोआप डोळ्यांकडे गेला. सून रडायला लागली, माझी बायको रडायला लागली. मुलाने खाकरून बॅगा आत नेल्या. मग गुरुजींची नजर सावकाश खाली आली, रॅकवरच्या आमच्या सगळ्यांच्या चपलांवर. तिथे ती थांबली. मला ते दिसलं होतं, पण त्यात काही आहे असं वाटलं नाही.

"छान दिसतंय," ते म्हणाले. "राहू दे."

हे 'राहू दे' त्यांच्या तोंडात कायम. सून विचारायची, "बाबा, वेताच्या खुर्चीत पाठ दुखत नाही ना?" ते म्हणायचे, "छान आहे, राहू दे." आणि ती खोलीत गेली की माझ्या घरी येऊन आमच्या जुन्या फोमच्या सोफ्यात रुतून बसायचे. डोळे मिटून सोफ्याच्या हातावरचं रेक्झिन कुरवाळायचे.

"अण्णा," एकदा म्हणाले, "मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या पगारातून काय घेतलं असेल? लोखंडी खुर्ची. कुडाची भिंत, शेणाची जमीन आणि मध्ये माझी लोखंडी खुर्ची. सगळा पाडा बघायला आला. हिला म्हटलं होतं, एक दिवस सनमायकाचं कपाट आणू. आता इथे आलो तर सून म्हणते, बाबा, सनमायका सगळा काढून टाकला."

"मग सांगा की तिला."

"काय सांगू? तिने माझं लहानपण विकत आणून भिंतीला लावलंय. किती महाग पडलं असेल."

टोपलीच्या दिव्याखाली ते पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा म्हणे बराच वेळ वर बघत राहिले. सुनेने विचारलं, काय झालं. तर म्हणाले, "काही नाही. आम्ही हिच्यात मासे धरायचो. तू उजेड धरलास." ती खूश होऊन हे मला सांगायला आली होती. आणि खरं सांगायचं तर तेही खूशच होते. घरावर नव्हे, तिच्यावर.

चपलांचा प्रकार पहिल्याच आठवड्यात सुरू झाला. घरच्यांच्या चपला ते आल्या आल्या उचलून मागच्या गॅलरीत नेऊन ठेवायचे. पाहुणे आले की जागा पुरायची नाही, मग आमचा कोनाडा. आमचं घर मजल्याच्या टोकाला, तिथे भिंत थोडी आत गेलेली आहे, म्हणून कोणाच्या पायात यायचं नाही. मांडायची पद्धत शाळेतली. "आमच्या शाळेत चपला असलेली पोरं थोडी," ते सांगायचे, "म्हणून असलेल्या चपलांचा मान मोठा. वाकडी ठेवली तर मी ओरडायचो."

बायको म्हणाली, "हे काय आता, आपल्या दारात बाटाचं दुकान?" मलाही चमत्कारिक वाटत होतंच. एका सकाळी खालच्या बाकावर उन्हाला बसलो असताना विचारलं.

"गुरुजी, रागावू नका. चपला माझ्याकडे का आणता?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "सुनेला सांगणार नाही ना?"

"नाही."

"तो चौक आहे, अण्णा. लग्नातला. आमच्यात लग्नघरी सवाष्णी लिहितात भिंतीवर. मध्ये बसलीय ती पालघट देवी. ती आल्याशिवाय लग्न लागत नाही."

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"पोरीला चित्र वाटलं," ते म्हणाले. "आवडलं, लिहिलं. कोणाला घरात बोलावलंय ते तिला माहीत नाही. पण बोलावलंय हे खरं. आता आलेल्या बाईच्या तोंडासमोर चपला कशा ठेवायच्या?"

"अय्यो, मग साधं आहे. सांगा तिला, रॅक हलवेल."

"सांगितलं तर काय होईल सांगू? एक तर घाबरून पुसून टाकेल. नाहीतर उपास धरेल." ते हसले. मग हसू ओसरलं. "आणि यातलं काही नाही केलं, तरी आपण देवीपुढे चपला मांडल्या हे तिच्या मनातून जायचं नाही. नखांत माती जाईपर्यंत खपली हो ती माझ्यासाठी."

"मुलाच्या लक्षात नाही आलं?"

"तो सहा वर्षांचा असल्यापासून वसतिगृहात. चौक म्हणजे सुट्टीत बघितलेली एक भिंत, आणि जेवण. बस." ते बाकावर मागे टेकले. "यांचं लग्न पुण्यात झालं, रजिस्टर. चौक लिहिलाच नाही. हिला, माझ्या बायकोला, ते फार लागलं होतं. जाईपर्यंत म्हणायची, पोराचा चौक राहिला. आता सुनेनंच लिहिला, स्वतःच्या हातानं. रंग बाटलीतला आहे, तांदळाचा नाही, पण चालेल. उशिरा का होईना, लिहिला. तो मी पुसू कसा देऊ?"

मी म्हटलं, सरी, ठीक आहे, माझ्याकडून कुठे जाणार नाही.

त्यानंतर रांग दिसली की मी स्वतः जोड सरळ करू लागलो. एक प्रकारची मजाच वाटायची, दोन म्हाताऱ्यांचं गुपित म्हणून. पण ही मजा चालली होती त्यांच्या जिवावर, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

सुनेच्या ऑफिसातली मंडळी एका रविवारी जेवायला आली. घराचे फोटो काढले, भोपळ्याच्या दिव्याचं कौतुक झालं. निघताना चपला सापडेनात. गुरुजी नेमके डोळा लागून आत झोपलेले, मी जयनगरला भाचीकडे गेलेलो. तिचे साहेब मोज्यांवर लिफ्टने खाली उतरून वॉचमनला विचारायला गेले. तो म्हणाला, "चप्पली अज्जाने घेतले असतील सार, वर टोकाला बघा." सगळे खूप हसले. सूनही हसली, पण तिचे कान लाल झाले होते, असं हसण्याचा आवाज ऐकून दार उघडलेल्या माझ्या बायकोने नंतर सांगितलं. ग्रुपवर कोणीतरी गंमत म्हणून मजकूर टाकला, मग आणखी कोणी. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी लिहिलं की अशा वयात हे पहिलं लक्षण असतं, त्यांच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं.

मुलाने विचारलं, "बाबा, का करता असं?" ते म्हणाले, "राहू दे रे." मुलाला ते उत्तर वाटलं नाही. कोणाला वाटलं असतं?

दोन दिवसांनी सून आमच्याकडे आली. कॉफी घेतली नाही. सोफ्याच्या कडेवर बसली.

"अण्णा, बाबा तुमच्याशीच काय ते बोलतात. तुम्हाला काय वाटतं? ते ठीक आहेत ना?"

बघा, हा प्रश्न मला विचारला होता. समोर बसून, डोळ्यात पाणी आणून. एक वाक्य पुरलं असतं. पण मी शब्द दिलेला. आणि शब्द न मोडता तिला धीर कसा द्यावा हे मला सुचलं नाही. तोंडातून निघालं ते असं, "वय झालं की स्वल्प व्हायचंच गं असं. मनावर घेऊ नकोस."

तिने ते मनावर घेतलं. म्हणजे बाबांच्या सगळ्यात जवळच्या माणसालाही तसंच वाटतंय.

मग त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आज वार कुठला, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत जा, असं विचारलं. गुरुजींनी सगळं बिनचूक सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, चपला का उचलता?" आणि ते गप्प बसले. सून शेजारीच बसली होती. त्या गप्प बसण्याची नोंद झाली आणि गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी त्यांना झोप यायची. बाकावर येईनासे झाले. एकदा कोनाड्यापर्यंत येता येता त्यांचा तोल गेला, तेव्हापासून सुनेने दाराला आतून वरची कडी लावायला सुरुवात केली. जिन्यावर पडतील, खाली जाऊन रस्त्यात हरवतील, ही तिची भीती. सर्जापूर रोडवर तरुण माणूस जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतो, तिची भीती खोटी नव्हती. मागची गॅलरीही बंद केली.

मी भेटायला गेलो तर ते दाराजवळ एका स्टुलावर बसलेले. मागे मातीची भिंत, त्यावर चौक, खाली रॅक भरलेलं. रॅकवर त्यांचा खांद्यावरचा टॉवेल पसरलेला होता, नीट, चारी टोकं ओढून, मुलं झोपल्यावर चादर घालतात तसा.

"बाबा दिवसभर तिथेच बसतात," सून हळूच म्हणाली. "टॉवेल काढला की परत घालतात."

मी त्यांच्याशेजारी टेकलो. "गुरुजी, आता सांगू या," मी पुटपुटलो. "पुरे झालं."

त्यांनी मान हलवली. जीभ जड झाली होती, पण शब्द स्पष्ट होते. "ती किती घाबरलीय बघा माझ्यासाठी. आत्ता सांगितलं तर गोळ्यांचंही तिला लागेल. भात कापणीला आलं असेल. मी घरी जाऊन येतो. गेलो की आपोआप थांबेल सगळं."

मुलगा त्यांना सोडायला गेला. निघताना ते माझ्या दाराशी आले, सून मागे पिशवी घेऊन उभी. कोनाडा रिकामा होता. त्यांनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"थोडा वेळ तुमच्याकडे राहू द्यात," ते म्हणाले.

सुनेला वाटलं, पुन्हा चपलांचंच चाललंय. ती माझ्याकडे बघून ओशाळं हसली. मीही हसलो.

गावी गेल्यावर गोळ्या त्यांनी बंद केल्या असं मुलाकडून कळलं. फोनवर माझ्याशी छान बोलायचे. शेजाऱ्याच्या नातीचं लग्न ठरलंय, बायका चौक लिहायला बसल्यात, मी तांदूळ वाटून देतोय, असं एकदा सांगितलं. थंडीत न्यूमोनिया झाला. मुलगा आणि सून पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

परत आल्यावर सून एवढंच म्हणाली, "मी त्यांना कडी लावून ठेवलं, अण्णा." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हाही बोललो नाही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द जास्त घट्ट असतो असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तिच्या तोंडावर ते सांगायची हिंमत नव्हती.

ती हिंमत एका संध्याकाळी लिफ्टमध्ये आली. नवीन राहायला आलेला एक मुलगा आणि त्याची बायको, मी आणि सून असे चौघे. त्या मुलाला ती कोण हे माहीत नव्हतं. आमचा मजला आला तसा तो बायकोला हौसेने सांगू लागला, या मजल्यावर एक वेडा आजोबा होता, साहेबांना मोज्यांवर घरी पाठवलं त्याने. सून खाली बघून सभ्यपणे हसली. अगदी ओशाळं, गुरुजी निघाले त्या दिवशीचं हसू.

आम्ही दोघं बाहेर आलो, मागे लिफ्टचं दार बंद झालं. ती किल्ली शोधत होती. मी म्हटलं, "बाळ, जरा आत येऊ?"

मी चौकासमोर उभा राहून सांगितलं. देवी, सवाष्ण, राहिलेला चौक, सासूची खंत, टॉवेल, सगळं. थोडा वेळ ठेवायला दिलेलं मी फार वेळ ठेवलं होतं. मध्ये कुठेही तिने मला थांबवलं नाही. रॅकवर तिच्याच सँडल होत्या. बोलणं संपेपर्यंत तिने त्या उचलून पदराखाली घ्याव्यात तशा ओढणीखाली धरल्या होत्या.

"त्यांनी मला का नाही..." तिने वाक्य अर्धंच सोडलं.

"तुला ते सुंदर वाटत होतं. तेवढं त्यांना पुरे होतं."

मग ती म्हणाली, "तुम्ही तरी सांगायचं होतं, अण्णा. मी विचारलं होतं तुम्हाला."

मी घरी आलो.

पुढे कित्येक दिवस समोरचं दार माझ्यासाठी उघडलं नाही. लिफ्टमध्ये मान हलवायची, तेवढंच. माझ्या बायकोकडून कळलं की सुतार येऊन रॅक काढून घेऊन गेला, आणि चौक तसाच आहे. ती उपास धरत नाही असंही कळलं. गुरुजींना ऐकून बरं वाटलं असतं.

मग परवा, रविवारी, फुलं आणायला म्हणून मी दार उघडलं. तिचे आईवडील आणि भाऊ पुण्याहून आले होते, आतून बोलण्याचा आवाज येत होता. आमच्या कोनाड्यात चपलांची रांग होती. बोटं भिंतीकडे, टाचा आमच्याकडे. टोकाचा एक बूट किंचित वाकडा राहिला होता. सून त्याच्याजवळ वाकून तो सरळ करत होती.

मला पाहून ती उठली नाही. थोडी थांबली फक्त.

मी माझ्या चपला एका बाजूला सरकवून जागा केली.